दुसऱ्याची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत ज्याला त्याला स्वतःची अशी एक साक्ष होती. रविवारच्या उपासनेत किंवा तरुण संघाच्या बैठकीत गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी उभं राहायचं आणि देवानं आपल्याला कशातून बाहेर काढलं ते चारचौघांत सांगायचं. एका काकांची दारू सुटली होती. एका मावशींना शेतात साप चावला होता आणि त्या वाचल्या होत्या. ती साक्ष त्या दर सहा महिन्यांनी द्यायच्या आणि दर खेपेला साप वीतभर वाढायचा, पण त्या वाचल्या होत्या हे खरं होतं, त्यामुळे कुणी हसायचं नाही. माझ्याकडं मात्र सांगण्यासारखं काहीच नव्हतं. वडील लातुरातच मास्तर, आई घरी, भाऊ माझ्याहून मोठा आणि माझ्याहून शहाणा. मला ताप आला तरी दोन दिवसांत उतरायचा. माझी पाळी आली की मी परीक्षेत देवानं कसं पास केलं ते सांगायचो आणि पाळकसाहेब दयाबुद्धीनं 'आमेन' म्हणायचे. त्या आमेनचा मला फार राग यायचा.

हे आधी सांगतोय, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे. गिटार, चिरलेला स्पीकर, चौकटीचे शर्ट हे सगळं त्यावरचं. आणि नावं कुणाचीच लिहीत नाही. दुसऱ्याचं पुष्कळ वापरून झालंय माझं.

आमचा बँड चार जणांचा. मी गिटार वाजवायचो आणि गायचो. पाळकसाहेबांची मुलगी की-बोर्डवर होती. बेस गिटार ज्याची होती तोच ती वाजवायचा, त्यामुळे त्याला काढता येत नव्हतं. आणि ड्रमवर तो. तो म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्या काकांचा भाचा, माझ्याच वयाचा, एकोणीस-वीस वर्षांचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर निलंग्याकडच्या त्याच्या गावात उभं असं काही राहिलंच नाही, म्हणून तो मामाकडं लातूरला आला. गावात तो भजनाला ढोलक वाजवायचा. ड्रमचा सेट त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं काठ्या बाजूला ठेवल्या आणि हातानंच वाजवून पाहिलं, आणि तेवढ्यातच आम्हाला कळलं की हा आमच्या सगळ्यांच्या पुढचा आहे.

त्याची एक सवय माझ्या फार लवकर लक्षात आली होती. त्याला हाक मारली तर तो ओ द्यायचा नाही. कुठंही असला तरी मुकाट्यानं चालत यायचा आणि समोर उभा राहायचा. संघाच्या हजेरीतसुद्धा नाव घेतलं की हात वर करायचा, तोंडानं काही नाही. मला वाटायचं, खेड्यातला आहे, लाजतो.

भूकंपानंतर वर्षभर आमच्या चर्चचं अंगण म्हणजे गोदामच झालं होतं. घोंगड्या, बिस्किटं, औषधं आणि परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांत जाडजूड, चौकटी चौकटीचे गरम शर्ट निघायचे. गावातल्या कुणी ते घेतले नाहीत. लातूरच्या उन्हात असला शर्ट कोण घालणार? मदतीला आलेल्या लोकांत एका परदेशी चर्चचा एक पोरगेला गडी होता. दिवसा पत्र्याचे शेड ठोकायचा आणि संध्याकाळी आमच्याबरोबर वाजवत बसायचा. जाताना तो मला एक कॅसेट देऊन गेला. एका बाजूला त्याच्या स्वतःच्या बँडची गाणी होती. ख्रिस्ती गाणी, पण रॉकच्या चालीवर. स्वच्छ गिटार, मागं टाळ्या, सगळं कसं धुतलेलं आणि इस्त्री केलेलं. दुसऱ्या बाजूला त्यानं कुणाकडून तरी भरून घेतलेलं भलतंच काहीतरी होतं.

वर्षभर आम्ही पहिली बाजू वाजवली. चाली त्याच्या, शब्द माझे. चर्चची पंच मंडळी नाकं मुरडायची, पण तरुण पोरं उपासनेला टिकतात म्हणून पाळकसाहेब चालू द्यायचे. दुसरी बाजू मी घरी एकटाच ऐकायचो. त्यातला गिटारचा आवाज मुद्दाम घाण केलेला. गाणारा आधी स्वतःशीच पुटपुटतो आणि मग एकदम घसा फाडून ओरडतो. शब्द सगळे कळायचे नाहीत, पण एक गोष्ट कळायची. आमच्या गाण्यात सगळीकडं 'तू' आणि 'आम्ही' असायचं. हा माणूस फक्त 'मी' म्हणायचा. मी असा, माझं हे झालं, मला हे सहन होत नाही. ती साक्षच होती, फक्त शेवटी सुटका नव्हती. मी ते ऐकून वेडा झालो. पुढं त्या परदेशी गड्याचं पत्र आलं, त्यात होतं की त्यांचा बँडही आता तसंच वाजवतो, चर्चमधले लोक रागावलेत आणि या संगीताला ग्रंज म्हणतात. मग काय, मला परवानगीच मिळाली.

आवाज घाण कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. गोलाईच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा होते. चर्चचा ॲम्प्लिफायर त्यांच्याच हाताखालचा. मी त्यांना कॅसेट ऐकवली आणि म्हणालो, आमच्या स्पीकरमधून असा आवाज यायला पाहिजे. त्यांनी चष्मा वर केला. "लोगां खरखर निकालने कू आतें मेरे पास," ते म्हणाले. "तुम पैले हैं जो डालने कू आए." मग त्यांनी एका जुन्या स्पीकरच्या कागदाला ब्लेडनं तीन चिरा दिल्या आणि त्याचे पैसे घ्यायला नकार दिला. खराब करण्याची मजुरी ते घेत नाहीत म्हणे.

गठ्ठ्यातले ते शर्ट आम्ही घातले. पत्रासोबत आलेल्या फोटोत त्यांचा गाणारा तसलाच शर्ट घालून बसला होता. भूकंपग्रस्तांसाठी आलेले कपडे आम्ही बँडसाठी उचलले आणि मला त्याची लाज वाटली नाही, उलट आरशात बघून बरं वाटलं. तो मात्र तो शर्ट कधीच घालत नसे. विचारलं तर म्हणायचा, "लई गरम हाय."

त्याच सुमाराला लातूर झपाट्यानं बदलत होतं. शहराला भूकंपाच्या भेगा पडल्या होत्या, त्या लिंपून होत नाहीत तोच लोक वर मजला चढवायला लागले, कारण खोल्यांना भाव आला होता. मुरुडपासून हिमायतनगरपर्यंतची पोरंपोरी बारावीच्या शिकवणीला लातुरात येत होती. गल्लोगल्ली मेस, गल्लोगल्ली सायकली. आमच्या चर्चचा संडे स्कूलचा हॉलसुद्धा आठवड्याचे सहा दिवस एका शिकवणीला दिलेला होता. शनिवारी दुपारी शिकवणी सुटल्यावर आम्ही सरावाला जायचो तेव्हा फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं तशीच असायची आणि बाकांवर कुणाची तरी वही राहिलेली असायची. पाळकसाहेबांची मुलगीही त्याच शिकवणीत होती. नव्या गाण्यांत आपल्याला वाजवायला जागाच नाही, असं सांगून तिनं बँड सोडला आणि अभ्यासाला लागली. खरं कारण तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "तुला देवाची गाणी नको झालीत असं नाही. तुला तुझीच पाहिजेत." मला ते लागलं, कारण खरं होतं.

अडचण एकच होती. 'मी' म्हणायचं ठरवलं तर त्या 'मी'कडं काही असायला पाहिजे. मी वह्याच्या वह्या भरल्या. वडिलांशी भांडण झाल्याचं गाणं, एकटेपणाचं गाणं, लाइट गेल्याचं गाणं. गाताना माझं मलाच हसू यायचं. लातुरात राहून, भूकंप डोळ्यांनी पाहून, माझ्या घराला फक्त एक भेग पडली होती आणि तीही स्वयंपाकघरात. लोक मेले, आणि आपलं काहीच गेलं नाही याची मला एक हलकट खंत होती. असं कुणी कबूल करत नाही. मी करतोय.

एका शनिवारी आम्ही दोघंच हॉलमध्ये होतो. बाहेर रस्त्यावरून उसाची अवजड गाडी गेली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मी तारा जुळवत होतो. वर पाहिलं तर तो जागेवर नव्हता. बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा होता आणि हॉलच्या भिंतींकडं बघत होता. मी पाणी नेऊन दिलं. तो बसला आणि बोलायला लागला.

त्या पहाटे त्याचे आईवडील शेतावर होते. घरात तो आणि त्याची नऊ वर्षांची बहीण. घर दगडमातीचं, वर मातीचं माळवद. तो दारापाशी झोपला होता म्हणून बाहेर फेकला गेला. ती आत राहिली. ढिगाखालून तिचा आवाज येत होता. "दादा, हाय का?" असं ती विचारायची. तो वरून हातानं दगड उपसत म्हणायचा, "हाय." थोड्या वेळानं पुन्हा तेच. दादा, हाय का? हाय. असं किती वेळ चाललं ते त्याला माहीत नाही. उजाडलं होतं एवढं आठवतं. मग जमीन पुन्हा हलली. शेजारची अर्धी राहिलेली भिंत त्याच्या अंगावर यायला लागली आणि तो पळाला. पळाला तो पार ज्वारीच्या रानात जाऊन थांबला.

"मी हाय म्हणून राहिलो होतो तिला," तो म्हणाला, "आन् नव्हतो."

आईवडिलांना त्यानं सांगितलं होतं की ती झोपेतच गेली. त्यांना तेवढंच एक समाधान होतं. त्यामुळे हे तो गावात कुणाला सांगू शकत नव्हता, मामाला सांगू शकत नव्हता. जगात फक्त मला सांगितलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खोटं नाही सांगत, त्या वेळी मला मनापासून रडू आलं. पण त्या रडण्यातच माझ्या डोक्यात कुठंतरी एक चाल सुरू झाली होती, हेही खोटं नाही.

दोन आठवड्यांत गाणं तयार झालं. सुरुवातीला पुटपुटत, 'दादा, हाय का', आणि मग चिरलेल्या स्पीकरमधून गिटार फुटते आणि मी ओरडतो, 'हाय, हाय'. मी त्याला ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्यातला 'मी' कोण?"

"गाण्यातला 'मी' कुणीच नसतो," मी म्हणालो. असलं काहीतरी वाचलं होतं कुठंतरी.

त्यानं काठ्या उचलल्या, परत ठेवल्या. शेवटी म्हणाला, "वाजवू आपण. पण तो पळतो ते नको घालू गाण्यात. ते मी सांगणाराय."

"कुठं?"

"नांदेडच्या मेळाव्यात. साक्ष देणार मी. तिथं आमच्या गावचं कोणी येत न्हाई. सगळ्यांच्या म्होरं एकदा सांगतो आन् पाळकांना म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना करा." मग म्हणाला, "तवर कुणाला बोलू नको."

मी त्याला शब्द दिला. नांदेडला दर वर्षी मराठवाड्यातल्या सगळ्या मंडळ्यांच्या तरुणांचा तीन दिवसांचा मेळावा भरायचा. मेळावा सात-आठ महिन्यांवर होता. तो त्याची वाट बघायला लागला, शिकवणीतली पोरं निकालाची बघतात तशी.

मधल्या काळात ते गाणं गाजलं. पहिल्यांदा आम्ही ते शिकवणीच्या निरोप समारंभात वाजवलं. समोर चारशे पोरं, घरापासून लांब, झोप न झालेली, भातावरचं पातळ वरण खाऊन वर्ष काढलेली. अर्धी तर भूकंपाच्याच पट्ट्यातली. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. पोरी हुंदके देऊन रडत होत्या आणि मागच्या बाकावरची टगी पोरं खिडकीतून बाहेर बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यानं कुणालातरी काहीतरी झालं होतं. मग मुरुडला बोलावणं आलं, मग निलंग्याच्या एका कॉलेजात. कार्यक्रम झाल्यावर एक मुलगी माझ्याकडं आली आणि तिनं हळूच विचारलं, "दादा, तुमची बहीण होती का हो ती?"

मला बहीण नाही. मी म्हणालो, "हो."

तो चार पावलांवर वायरी गुंडाळत होता. त्यानं ऐकलं. वायर गुंडाळणं थांबवलं नाही. मी स्वतःला सांगितलं की त्याला ऐकू गेलं नसेल.

मेळावा आला. एसटीत तो खिडकीशी बसला होता. वरच्या खिशातून त्यानं वहीचा घडी केलेला कागद काढून मला लांबूनच दाखवला. साक्ष लिहून काढली होती. "पाठ झालीय," म्हणाला. त्याच्या अंगावर नवा पांढरा शर्ट होता, त्याच्या मामानं शिवून दिलेला. मी आणि बेसवाला त्या चौकटीच्या शर्टात घामानं निथळत होतो.

मांडवात हजारभर माणसं असतील. प्रत्येक गावच्या मंडळीला एक साक्ष आणि एक गाणं, असा नियम. आमच्या आधीच्या एकानं वर्षानुवर्षांची सिगारेट सुटल्याची साक्ष दिली. मग निवेदकानं पुकारलं, लातूरची तरुण मंडळी. तो ड्रममागून उठला, माइकसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

त्यानं खिशाकडं हात नेला, पण कागद काढला नाही. ओठ हलत होते. समोर माणसं वाट बघत होती. कुणीतरी खोकलं. व्यासपीठावर बसलेल्या एका पंचांनी घड्याळाकडं पाहिलं. किती वेळ गेला असेल? मी हे पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केलाय. एक मिनिटही नसेल. मी आणखी एक मिनिट थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? कुणी काही बोललं नसतं. आमच्या लोकांना साक्षीची वाट बघायची सवय असते, माणूस रडतो, अडखळतो, सगळे थांबतात. मला हे माहीत होतं. माझा जन्म असल्या मांडवांत गेला होता.

मी पुढं झालो आणि त्याच्या समोरचा माइक हातात घेतला. त्याला मदत करायची होती, असं मी पुढं अनेक वर्षं मानत आलो. 'माझ्या या मित्राला बोलायला जड जातंय', असं वाक्यही मनात तयार होतं. पण तोंडातून जे पहिलं अक्षर निघालं ते होतं 'मी'. सात-आठ महिने मी ते गाऊन गाऊन त्या 'मी'त मुरलो होतो. मी सांगत गेलो. माळवदाचं घर, ढिगाखालचा आवाज, दादा हाय का. मांडव गप्प झाला. अशी शांतता मिळाली की माणूस थांबत नाही. गाणं जिथं संपायचं तिथं मी थांबलो नाही. भिंत सांगितली. पळालो ते सांगितलं. ज्वारीचं रान सांगितलं. "मी हाय म्हणून राहिलो होतो तिला, आन् नव्हतो," हे त्याचं वाक्य त्याच्या शब्दांत सांगितलं आणि रडलो. ते रडणं खरं होतं, हेच तर सगळ्यात वाईट.

बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मेळाव्याचे वडीलधारे पाळक, पांढऱ्या दाढीचे, काठी टेकत पुढं आले. माझ्या डोक्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले. त्यांचे हात जड आणि गरम होते. ते म्हणाले, "बाळ, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तुझ्या बहिणीनंही तुला क्षमा केली आहे." आणि हजार माणसं एका आवाजात 'आमेन' म्हणाली. मला हयातभर ज्या आमेनची भूक होती तो तोच होता. आणि ज्याची ती साक्ष होती तो माझ्या मागं दीड हातावर उभा राहून हे सगळं ऐकत होता.

मग तो ड्रमवर जाऊन बसला आणि आम्ही गाणं वाजवलं. इतकं चांगलं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत लोहा गेलं, अहमदपूर गेलं. शेवटी मीच म्हणालो, "तू थांबलास रे, म्हणून मला..."

"व्हय," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी दे की तू. अजून काय बिघडलंय?"

तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला राग चालला असता. "काय देऊ?" तो म्हणाला. "म्हणतील, ह्यानं दोस्ताचं ऐकून सांगितलं."

खरंच, काय देणार होता तो? गोष्ट तीच, शब्द तेच, आणि क्षमा देऊन झालेली.

नांदेडच्या कुणीतरी ती साक्ष टेप केली होती. कॅसेटच्या नकला मंडळ्यामंडळ्यांत फिरल्या. आमच्या पाळकसाहेबांना वाटलं चुलत बहीण असेल, आमच्यात चुलत-मावस सगळ्यांना बहीणच म्हणतात. त्यांनी विचारलं नाही. वडिलांनी मात्र विचारलं, "कुठली बहीण?" मी म्हणालो, गाण्यासाठी तसं सांगावं लागतं. ते शाळेतल्या वह्या तपासत होते. लाल पेन खाली ठेवून ते म्हणाले, "पाळकांना जाऊन खरं सांग." मी म्हणालो, सांगतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते वारले तेव्हाही ते तसंच होतं.

महिन्याभरानं तो हॉलमध्ये आला आणि त्यानं ड्रमच्या काठ्या माझ्यापुढं ठेवल्या. गावाकडं नवी घरं बांधून होत होती, वडिलांनी बोलावलंय म्हणाला. जाताना दारात थांबला. "आमच्या आईनं कॅसेट ऐकली तुझी," म्हणाला. "लई रडली. म्हणली, त्या लेकराला एकदा घेऊन ये, जेवू घालते." एवढं बोलून तो गेला. मी जेवायला गेलो नाही. बँडही तिथंच संपला. ड्रमवर दुसरा कोणी बसवून बघितला, पण ते गाणं तोंडून निघेना.

पुढं मी त्याच शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायला लागलो आणि अजून तेच करतो. कॉलरला माइक लावून मी तीनशे पोरांपुढं उभा असतो. माझा आवाज चांगला आहे, असं पोरं म्हणतात. तास संपल्यावर एखादं पोर मागं रेंगाळतं आणि घरचं काहीतरी सांगायला बघतं. मी त्याला दुसऱ्या सरांकडं पाठवतो. माझ्याविषयी कुणी काही चांगलं बोललं की मला आधी तो मांडव दिसतो.

गेल्या वर्षी मी निलंग्याला गेलो. त्याचं तिथं खताबियाण्यांचं दुकान आहे, हे मला माहीत होतं आणि कितीतरी वर्षं माहीत होतं. त्यानं मला ओळखलं. खुर्ची दिली, चहा मागवला. केस पांढरे झाले होते, पण हात तसेच होते, ढोलक वाजवणाऱ्याचे. त्याचे आईवडील आता नाहीत, हेही तिथंच कळलं. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. मी म्हणालो, "मी मेळाव्यात उभा राहून सगळ्यांना खरं सांगतो. नांदेडलाच. ती साक्ष माझी नव्हती, तुझी होती, ती मी चोरली, असं सांगतो."

तो चहा पीत राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला सरकीची पेंड कुठं मिळेल ते सांगितलं. मग माझ्याकडं वळला.

"तू सांगशील," तो म्हणाला. "रडशील. मग लोक परत तुझ्याच डोक्यावर हात ठेवतील. मला काय?"

हे लिहितानाही मला तेच भय आहे. वाचणारा म्हणेल, कबूल तर केलं बिचाऱ्यानं. असं म्हणू नका.

"आन् एक सांगू का?" तो म्हणाला. "तू सांगितलंस ते सगळं नव्हतं. रानातून मी माघारी आलो. त्याच्यानंतरचं राहिलंय. त्या कागदावर व्हतं ते."

"नंतर काय झालं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

त्यानं कप उचलले आणि टपरीच्या पोऱ्यासाठी काउंटरच्या कडेला नेऊन ठेवले. "तुला न्हाई सांगायचं," तो म्हणाला.

"मग कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई."